सनकोटातला ट्रेकर

आमच्या घरात चार माणसे ओळीने बसली असली, तरी डास माझ्याकडेच येतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि घामाचा वास या तीन गोष्टींच्या मागावर डास येतो म्हणतात, आणि या तिन्ही बाबतींत निसर्गाने मला सढळ हाताने दिलेले आहे. घरची मंडळी याचा गैरफायदा घेतात. मी खोलीत बसलेला असलो, की डासांचे मशीन लावण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

अशा माणसाने भर पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात पायी हिंडायला जाऊ नये, हे मलाही समजते. परंतु कोथरूडमध्ये राहून जुलै महिना घरात काढणाऱ्या माणसाकडे सोसायटीत ज्या नजरेने पाहिले जाते, ती नजर डासाच्या सोंडेपेक्षा खोल रुतते. त्यामुळे पुतण्याने ‘काका, येताय ना?’ असे विचारताच मी होकार दिला, आणि त्याने तत्काळ खरेदीची यादी पाठवली. गुडघ्याशी चेन असलेली, झटपट वाळणारी पँट, जाळीची टोपी, घोट्यापासून वर बांधायचे गेटर, श्वास घेणारे बूट. ट्रेकिंगच्या सामानाच्या एका चकचकीत दुकानात जाऊन मी नुसती बेरीज करून आलो. ती वीस हजारांच्या वर गेली होती. पर्मेथ्रिन नावाचे कीटकनाशक मुरवलेले कपडे परदेशात मिळतात, तेही मागवू, असे पुतण्या म्हणाला. पण ते ओले असताना मांजराच्या जिवावर बेतू शकते असे वाचनात आले, आणि आमच्या घरात मांजराचे स्थान माझ्या बरेच वरचे असल्याने तो विषय तिथेच संपला.

तेव्हा मी स्वस्तात भागवायचे ठरवले. पुतण्याचाच जुना काळा, अंगाला चिकटून बसणारा टी-शर्ट आणि तशीच तुमान चढवून मी रंगीत तालमीसाठी संध्याकाळी वेताळ टेकडीवर गेलो. आता, डासाला गडद रंग चटकन दिसतो हे मला तोवर ठाऊक नव्हते. आणि जो कपडा पुतण्याच्या अंगावर नुसता घट्ट होता, तो माझ्या पोटावर इतका ताणला गेला होता, की विणीचा एकेक डोळा उघडून आत कातडी दिसत होती. डासांनी कापड बाजूला करण्याचेसुद्धा श्रम घेतले नाहीत. त्या रात्री पोटावर ज्या गांधी उठल्या, त्या मोजण्याचे काम धाकटीने आनंदाने केले आणि एकतिसाव्या गांधीनंतर तिला कंटाळा आला.

मग मलम आणले. त्यातल्या डीट या रसायनाला डास खरोखरच टाळतात, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की ते काही प्रकारचे प्लॅस्टिक मऊ करते, ही गोष्ट मला चष्मा सावरताना समजली. मलमाच्या बोटांनी मी दिवसभर काडी वर ढकलत होतो. संध्याकाळी पाहतो तो काडी चिकट झालेली, आणि तिच्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा खरेदीखतावर उमटावा तसा स्वच्छ उमटलेला.

जळवांचा प्रश्न वेगळाच होता. जळू हा कीटक नव्हे, तो गांडुळाच्या गोतावळ्यातला प्राणी आहे. परंतु ज्याच्या पोटरीला ती लागते त्याला या वर्गीकरणाचा फारसा आधार वाटत नाही. उपाशी जळू दोऱ्यासारखी बारीक होते आणि साध्या मोज्याच्या विणीतूनसुद्धा आत शिरते, म्हणून तिच्यासाठी दाट विणीच्या कापडाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे शिवून घ्यावेत, असे एका जाणत्याने सांगितले. मी दीड मीटर मांजरपाट घेतले आणि पेठेतल्या आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे गेलो. माझे चित्र त्यांनी उलटे-सुलटे करून पाहिले आणि विचारले, “नाटकाचं आहे का?” मी जळवांचे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग मापं तुमची घ्यायची, की त्यांची?” शिलाई मात्र त्यांनी कापडाच्या दुप्पट घेतली. जुन्या बाजारातून कॅनव्हासचे उंच हंटर बूट आणले, आणि कमरेखालचा बंदोबस्त पूर्ण झाला.

कमरेवरचा बंदोबस्त शेवटच्या दिवशी घरातच सापडला. सौ. ऑफिसला निघाली होती. स्कूटर काढण्यापूर्वी तिने नेहमीप्रमाणे डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळला, वरून फिकट रंगाचा सैल सनकोट घातला, बाह्यांच्या टोकाला असलेल्या फटीतून अंगठे बाहेर काढून हाताचे पंजे झाकले, आणि डोळ्यांवर गॉगल चढवला. अंगाचा तसूभर भाग उघडा नाही, कापड सैल असल्याने डासाची सोंड कातडीपर्यंत पोहोचत नाही, आणि रंग फिका असल्याने गोचीड चढलीच तर लगेच दिसते! पुण्यातल्या दुचाकीवरच्या स्त्रियांनी ऊन आणि धूळ टाळण्यासाठी जे चिलखत सिद्ध केले आहे, ते एकाही ट्रेकिंगवाल्याला सुचलेले नाही. मी दारातच हात जोडले. “अहो, साडेतीनशेचा आहे तो,” ती म्हणाली, “फाडू नका.”

एक दोष मान्य केला पाहिजे. सनकोट सुती असतो, सुती कापड पाणी धरून ठेवते, आणि भीमाशंकरचा पाऊस हा काही शिंतोडा नव्हे. मी आत पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट घातला होता म्हणून निभावले. तरी दुपारपर्यंत तो कोट ओल्या गोधडीइतका जड झाला होता. पण कोटातून चावले काहीही नाही. शेकरूसाठी १९८५ साली अभयारण्य म्हणून राखलेल्या त्या जंगलात शेकरूने दर्शन दिले नाही. माझे दर्शन मात्र अनेकांनी थांबून घेतले. देवळामागच्या वाटेवर एका तरुणाने अदबीने विचारले, “मावशी, नागफणीला इकडूनच जायचं ना?” मी खर्जात “हो” म्हटल्यावर तो बराच वेळ तिथेच उभा होता.

पुतण्याचे बूट खरोखरच श्वास घेत होते. त्यांच्या वरच्या बाजूला जी जाळी होती, तिच्यातून वाऱ्याबरोबर जळवाही आत गेल्या. त्याने मोजा उतरवला तेव्हा सात निघाल्या. त्यातली पहिली त्याने घाबरून ओढून काढली, बाकीच्या मी नखाने तोंडाशी हळूच सरकवून सोडवल्या. जळवेच्या लाळेत हिरुडिनसारखे, रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, त्यामुळे रक्त लवकर थांबत नाही, असे मी त्याला समजावून सांगत होतो, आणि तो माझ्या मांजरपाटाच्या मोज्यांकडे टक लावून पाहत होता. मोज्यांच्या बाहेरून दोन जळवा वर चढत होत्या. गुडघ्याशी, नाडीला चोळलेल्या ओल्या तंबाखूपाशी, त्या थांबल्या, डोके हलवून विचार केला, आणि खाली पडल्या.

मला एकच लागली, तीही थालीपीठ खायला स्कार्फ सोडला तेव्हा, कानाच्या पाळीला. मला ती कळलीच नाही. कॉलरवर ओघळ आला तेव्हा पुतण्याने दाखवली.

सौ.ने कोट रात्रभर गार पाण्यात भिजवला. डाग निघाला, तंबाखूचा वास मात्र दोन धुण्यांनंतरही राहिला आहे, आणि ऑफिसच्या लिफ्टमध्ये लोक तिच्यापासून जरा अंतर ठेवून उभे राहतात असे ती म्हणते. परवा तिला पुतण्याचा निरोप आला: “काकू, सनकोट डबल एक्सेलमध्ये मिळतो का?” तिने उत्तर लिहिले, “मिळतो. काकांनी माझ्या कोटाचं जे केलं, त्याची भरपाई म्हणून माझ्यासाठीही एक आण.”