चिंबोरी, सुतळी आणि अर्धा किलो बर्फ

गटारी पुढच्या आठवड्यावर आलीय म्हणून आत्ताच लिहून टाकते. श्रावणात लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, हिला आता सोवळं सुचतंय.

आधीच सांगते, मी चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, खाते आणि पुढेही खाणार आहे. नवरा मालवणकडचा, तो त्यांना कुर्ल्या म्हणतो. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या आणि पापलेटचा भाव ऐकूनच पोट भरायला लागलं की आमचा रविवार खाडीच्या चिंबोऱ्यांवर निघतो. अमावस्येच्या आसपास घे, भरलेल्या असतात, हे आईनं शिकवलेलं. जिवंतच घे, हेही तिनंच.

जूनमधल्या एका रविवारी माहीमहून सहा आणल्या. कोळीण मावशीनं नेहमीप्रमाणे विचारलं, "काय गो, नांग्या तोरून देऊ?" पावसाची सर येत होती, मी म्हटलं राहू दे, घरी करते. घरी सिंकमध्ये ओतल्या, एकीच्या एका बाजूची सुतळी कापली, मोठी नांगी धरली आणि पिळली. कट्ट. तेवढ्यात फोन वाजला. परत आले तर मुलगी सिंकपाशी उभी. नववीत आहे, हल्ली कशात लक्ष नसतं, पण इथे होतं. "आई, ही काय करतेय बघ."

चिंबोरी पुढचा बारीक पाय आत वाकवून नांगी तुटलेल्या जागेवर फिरवत होती. थांबायची, परत फिरवायची. बाकीच्या पाच जणी सिंकच्या कडेला चढायचा उद्योग करत होत्या. हिचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं.

सासूबाई हॉलमधून म्हणाल्या, "रक्त तरी आलं का? त्यांना काय कळतंय!" रक्त आलं होतं, पण ते लाल नसतं. आपल्या रक्तात लोह, त्यांच्या रक्तात तांबं. हवा लागली की फिकट निळसर दिसतं, आणि सिंकमध्ये तर पाणीच वाटतं. लाल रक्त नाही, किंचाळी नाही, मिटायला पापणी नाही. आपल्याला दया यायला जे जे लागतं त्यातलं काहीच त्या जिवाकडे नाही, ही त्याची अडचण आहे.

मग आठवडाभर मी रात्री वाचत बसले. (नवरा म्हणाला, मुंबईत माणसं लोकलमधून पडतायत आणि तू खेकड्यांचं घेऊन बसलीयस. बरोबर आहे त्याचं. तरी वाचलं.)

नेहमीचा युक्तिवाद असा की तो नुसता रिफ्लेक्स आहे. तव्याला हात लागला की कळायच्या आधी हात मागे येतो, तसं. मान्य. कोळंबी धोका दिसताच शेपटीचा फटका मारून उलटी उडते, तेही असंच आपोआप. खेकडा संकटात स्वतःचा पाय टाकून देतो, त्यासाठी पायात आधीच ठरलेली जागा असते. तिथून तुटला की पडदा बंद होतो, रक्त थांबतं, पुढे कात टाकताना नवा पाय फुटतो. ही झाली सोय. पण तव्यावरून हात मागे आल्यानंतर आपण फुंकर घालतो, नळाखाली धरतो, संध्याकाळपर्यंत जपतो. खेकडा या 'नंतर'मध्ये काय करतो, हा खरा प्रश्न.

बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतले रॉबर्ट एलवुड याच्या मागे अनेक वर्षं लागले. त्यांचा शंखात राहणाऱ्या खेकड्यांवरचा 2009 चा प्रयोग वाचताना मला आमची जुनी चाळ आठवली. हे खेकडे दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात भाड्यानं राहतात, आणि कुठला शंख चांगला याबद्दल त्यांची ठाम मतं असतात. शंखात बारीक विजेचे झटके दिल्यावर नावडत्या शंखातले खेकडे जास्त बाहेर पडले, आवडत्या शंखातले सोसत राहिले. नंतर दुसरा शंख समोर ठेवला तर झटके खाल्लेल्यांनी तो फारसा न तपासताच सामान हलवलं. पुढच्या एका प्रयोगात पाण्यात शिकाऱ्याचा वास मिसळला, तर झटके बसत असूनही बाहेर पडणारे कमी झाले. गळकं छप्पर, सार्वजनिक संडास, तरी गिरगावातली पागडीची खोली सुटत नाही, आणि बाहेर बिल्डरची माणसं उभी असतील तर मुळीच नाही. ज्याला हे गणित मांडता येतं त्याला नुसता रिफ्लेक्स कसं म्हणायचं? रिफ्लेक्स भाव करत नाही.

2013 मध्ये त्यांनी नव्वद किनारी खेकड्यांना दोन अंधाऱ्या कपारी दिल्या. एकीत गेलं की झटका. खेकड्याला उजेड नको असतो, म्हणून तो कपारीत शिरतोच, पण दोनेक झटक्यांनंतर बरेचसे दुसऱ्या कपारीत जायला लागले. त्याच गटाच्या आणखी एका कामात, ज्या खेकड्यांची नांगी ओढून तोडली ते जखमेला हात लावत राहिले आणि ती जागा झाकत राहिले. स्वतःहून नांगी टाकणाऱ्यांत हे एवढं दिसलं नाही. ते वाचलं आणि मला आमचा सिंक दिसला.

सगळं एकाच दिशेचं नाही. कोळंबीच्या मिशीला ॲसिड लावलं तर ती नेमकी तीच मिशी चोळते आणि बधिर करणारं औषध लावल्यावर कमी चोळते, असं एलवुड यांच्या गटाला 2007 मध्ये दिसलं. दुसऱ्यांनी इतर जातींवर तसलंच करून पाहिलं तर काही झालं नाही. पण 2014 मध्ये फ्रान्समध्ये गोड्या पाण्यातल्या क्रेफिशना, म्हणजे शेवंडीसारख्या छोट्या जिवांना, झटके दिल्यावर त्या उजेडात जायलाच तयार होईनात. मग त्यांना माणसाला चिंतेवर देतात ते औषध दिलं, आणि त्या पुन्हा फिरायला लागल्या. चिंबोरीला माझ्यासारखं दुखतं असा माझा दावा नाही. पण "काहीच कळत नाही" हे छातीठोक म्हणायची हिंमत आता माझ्यात नाही.

स्वित्झर्लंडनं 2018 पासून जिवंत शेवंड उकळत्या पाण्यात टाकायला बंदी केली. ब्रिटननं तीनशेहून जास्त संशोधनं तपासून घेतली आणि प्राण्यांना जाणीव असते हे मानणाऱ्या 2022 च्या कायद्यात खेकडे, शेवंड, कोळंबी घातली. मोठी बातमी झाली. आपला 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा काढून बघा. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव. अन्नासाठी मारायला सूट आहे, पण अनावश्यक वेदना न देता. म्हणजे चिंबोरी आपल्या कायद्यात साठ वर्षांपूर्वीच होती, फक्त कुणाला सांगितलं नव्हतं. आपण तिची आठवण काढतो ती मराठी माणूस एकमेकांचे पाय ओढतो हे सांगायला, नाहीतर धरण फुटल्यावर. 2019 मध्ये तिवरे धरण फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खापर खेकड्यांवर फोडलं होतं, आठवतंय ना?

आता एक गोष्ट स्पष्ट. ही पोस्ट कुणी सोसायटीच्या ग्रुपवर "बघा, मासे खाणारे किती क्रूर" म्हणून फिरवली तर मी भांडायला येईन. या शहरात मासे खातो म्हणून घर नाकारलं गेलेल्या माणसांना प्राणिदयेची भाषा कुठून कुठे जाते ते चांगलं ठाऊक आहे. कोळणींकडेही बोट दाखवू नका. त्या सुतळीनं नांग्या बांधतात म्हणून चिंबोऱ्या एकमेकींना फाडत नाहीत आणि धडधाकट राहतात. तोडातोड होते ती आपल्या सांगण्यावरून, किंवा आपल्याच सिंकमध्ये.

मी आता काय करते? टबात भरपूर बर्फ, थोडं पाणी आणि मूठभर मीठ. साधं नळाचं पाणी नको, खाडीच्या जिवाला त्याचाही त्रास. सुतळी न सोडता चिंबोऱ्या त्यात अर्धा तास, पाय हलायचे पूर्ण थांबेपर्यंत. मग उलटी करायची, पोटावरची झाकणासारखी घडी उचलायची आणि तिथे टोकदार सुरी सरळ खाली. दुसरा घाव समोरून, डोळ्यांच्या मध्ये. खेकड्याचा मेंदू असा एका जागी नसतो, मज्जातंतूंचे दोन मोठे गठ्ठे असतात, म्हणून दोन घाव. नांग्या त्यानंतर. रश्श्यात तसूभर फरक पडत नाही. सासूबाईंनी नेहमीसारखं मीठ कमी आहे म्हटलं, म्हणजे सगळं ठीक.

गेल्या रविवारी बाजारातच बर्फ मागितला. मावशीनं आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग पोराला हाक मारून पेटीतला बर्फ फोडायला लावला. "जित्या पाह्यजेत बोलतेस, नि वर थंड पन कर बोलतेस." अर्धा किलोचे पैसे वेगळे घेतले.

काल पावसात छत्री सांभाळत भाजीच्या बाजूनं चालले होते, मासळीकडे जायचंही नव्हतं. पलीकडून हाक आली, "ए बरफवाली, आज नको काय?"