नवऱ्याला भेटायला जाताना "नवरा आहे हे सांगूच नका" म्हणे!

परवा रात्री साडेअकराला मावसबहिणीचा मेसेज आला. दोन बाणवाला, हजार ग्रुप फिरून आलेला फॉरवर्ड आणि खाली तिचं एकच वाक्य, "ताई, हे खरंय का गं? माझी झोपच उडाली." तिचा नवरा अमेरिकेत ग्रीन कार्डवर आहे, त्याने तिच्यासाठी आय-१३० (बायकोला ग्रीन कार्ड मिळावं म्हणून करायचा अर्ज) भरलाय पण नंबर लागायला वेळ आहे, आणि हिच्याकडे लग्नाआधी ऑफिसच्या कामासाठी काढलेला दहा वर्षांचा बी१/बी२ व्हिजिटर व्हिसा (बी१ ऑफिसच्या कामाच्या भेटींचा, बी२ फिरण्या-भेटण्याचा) अजून चालू आहे. त्यावर तीन आठवडे जाऊन नवऱ्याला भेटून यायचंय, बास.

फॉरवर्डचं नाव "नवऱ्याला भेटायला अमेरिकेला जाताय? एअरपोर्टवर या ७ चुका टाळा!!" सात मुद्दे, मध्ये मध्ये गुलाब, शेवटी "जनहितार्थ". लिहिलं कोणी याचा पत्ता नाही. आधी दुर्लक्ष करणार होते, पण तिने खरंच नवऱ्याचे फोटो डिलीट करायला घेतले होते, म्हणून लिहितेय.

मुद्दा पहिला: "नवरा तिथे आहे हे चुकूनही बोलू नका. फिरायला आले, मैत्रिणीकडे उतरणार, असं सांगा."

अहो, ज्याच्यापासून लपवताय त्याच्यासमोरच कॉम्प्युटर आहे! तिथे उतरल्यावर इमिग्रेशनच्या काउंटरवर बोटांचे ठसे घेतात, फोटो काढतात, तुमची व्हिसाची फाइल उघडते. नवऱ्याने भरलेल्या आय-१३० वर तुमचं नाव, जन्मतारीख, लग्नाची तारीख, सगळं त्यांच्याच सरकारकडे जमा आहे. आणि व्हिसा लग्नानंतर काढला असेल तर डीएस-१६० या व्हिसाच्या फॉर्ममध्येच विचारलेलं असतं, जोडीदार अमेरिकेत आहे का, तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन (म्हणजे आय-१३० सारखा अर्ज) भरलंय का. म्हणजे ऑफिसर विचारतो तेव्हा त्याला उत्तर माहीत नसतं असं समजू नका. बऱ्याचदा तुम्ही काय सांगता एवढंच त्याला बघायचं असतं.

बरं, पकडले गेलो तर काय, परत पाठवतील, असं वाटत असेल तर इथे नीट वाचा. अमेरिकेच्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टमध्ये कलम २१२(ए)(६)(सी)(आय) आहे. व्हिसा किंवा प्रवेश मिळवण्यासाठी महत्त्वाच्या बाबीत जाणूनबुजून खोटं सांगितलं, तर तो माणूस प्रवेशाला अपात्र. पाच वर्षं नाही, दहा वर्षं नाही, त्या कलमात मुदतच नाहीये, म्हणजे अपात्रता कायमची. आणि खोटं पचलंच पाहिजे असंही नाही, नुसता प्रयत्न पुरतो. म्हणजे बघा, खरं सांगितलं आणि ऑफिसरला पटलं नाही तर वाईटात वाईट काय, तर परत यावं लागेल, तिकिटाचे पैसे जातील, फार तर पाच वर्षांची बंदी येईल, आणि बऱ्याचदा तीही न लावता प्रवेशाचा अर्ज स्वतःहून मागे घेऊ देतात, अर्थात ते त्यांच्या मर्जीवर. पण खोटं सांगितलं तर ज्या ग्रीन कार्डची तुम्ही दोघं वर्षानुवर्षं वाट बघताय तेच अडकतं, कारण उद्या नंबर लागून कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीला गेलात की हीच नोंद समोर येते. त्यातून सुटायला वेव्हर (माफी) आहे, पण तिथे तुमच्याशिवाय नवऱ्याचे "एक्स्ट्रीम" हाल होतील हे सिद्ध करावं लागतं, नुसतं "आम्हाला एकमेकांशिवाय करमत नाही" चालत नाही. नवरा एच-१बी वर (तिथल्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) असेल तर ग्रीन कार्डसाठीच्या त्या वेव्हरला त्याचे हाल धरलेच जात नाहीत. तीन आठवड्यांच्या भेटीसाठी हा जुगार खेळायला सांगणाऱ्याला काय म्हणावं.

आता एक मान्य करते, नाइलाजाने. नवरा तिथे असणं ही शंका घ्यायची जागा आहेच. त्याच कायद्याचं कलम २१४(बी) सांगतं की व्हिजिटर म्हणून येणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच आलाय असं धरून चालायचं, तसं नाही हे त्याने स्वतः पटवायचं, व्हिसाच्या वेळीही आणि दारातही. एच-१बी ला यातून सूट आहे, बी२ ला नाही. त्यामुळे आय-१३० भरलेला असताना बी२ वर गेलं आणि परत पाठवलं, असं होऊ शकतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने कुठेतरी हेच ऐकलं असणार. पण यावर उपाय परत येण्याचे पुरावे नेणं हा आहे, नवरा गायब करणं हा नाही! न विचारता सगळं लग्नाचं रामायण सांगत बसू नका हेही बरोबर. विचारलं तेवढंच बोला, पण जे बोलाल ते खरं. घाईत तोंडातून भलतंच निघालं तर त्यांनी पकडायच्या आत स्वतःच तिथल्या तिथे सुधारा, लगेच केलेली दुरुस्ती धरली जाते.

मी स्वतः यातून गेलेय. नवरा तेव्हा एच-१बी वर, मी बी२ वर. काउंटरवर म्हणाले, "हजबंडला भेटायला." ऑफिसरने पासपोर्ट एका फोल्डरमध्ये घातला आणि आतल्या खोलीत पाठवलं. ओळीने खुर्च्या, फोन वापरायचा नाही, सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसलेले. माझं नाव त्याने दोनदा चुकीचं पुकारलं. मग प्रश्न: नवरा कुठे काम करतो, तू काय करतेस, किती दिवस, आणि शेवटी "मग तू इथेच का राहत नाहीस?" हा प्रश्न जरा लागतो हो, पण उत्तर साधं होतं. माझी नोकरी आहे, अठ्ठावीस दिवसांची रजा आहे, हे रजेचं पत्र, अमुक तारखेला कामावर हजर. त्याने पत्रावरची तारीख आणि परतीच्या तिकिटावरची तारीख बोट ठेवून जुळवली. शिक्का मारला. मैत्रिणीकडे चाललेय म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न मैत्रिणीचा पत्ता आणि फोन नंबर, मग काय?

मुद्दा दुसरा तर कहर आहे. "मंगळसूत्र, जोडवी काढून ठेवा, फोनमधले नवऱ्याचे फोटो आणि चॅट उडवा." म्हणजे फाइलमध्ये लग्नाची तारीख लिहिलेली आहे आणि गळ्यात मंगळसूत्र नाही म्हणून तो ऑफिसर फसणार! फोन ते बघू शकतात हे खरं आहे. २०१८ पासूनच्या त्यांच्या लेखी नियमानुसार फोन हातात घेऊन साधं चाळायला त्यांना संशयाचंही कारण लागत नाही, फक्त फोनवर आहे तेच बघायचं, क्लाउडवरचं नाही. पण इतका तपास फार थोड्या लोकांचा होतो. आणि झालाच तर नवऱ्याशी एकही मेसेज नसलेला बायकोचा फोन कसा दिसेल याचा विचार करा. संशय नसला तरी येईल.

बाकीचे मुद्दे पटापट.

"वकील मागा, तो तुमचा हक्क आहे." नाही. तिथल्या नियमात स्पष्ट आहे, प्रवेशाच्या तपासणीत, आतल्या खोलीतसुद्धा, वकिलाचा हक्क नाही. तुमच्यावर गुन्ह्याचाच तपास सुरू होऊन ताब्यात घेतलं तर गोष्ट वेगळी.

"इंटरप्रिटर मागू नका, संशय येतो." हा मुद्दा वाचून खरंच राग आला, कारण सासूबाई लोक हे वाचून येस येस करत मान डोलवतात. प्रकरण परत पाठवण्यापर्यंत गेलं तर तुमचा जबाब लिहून घेतात, प्रत्येक पानावर तुमची आद्याक्षरं घेतात, आणि गरज असेल तिथे दुभाषा वापरायचा हे त्यांच्याच नियमात आहे. समजलं नाही तर मराठी सांगा, थांबा. न कळलेल्या पानावर सही करू नका.

"रिटर्न तिकीट दाखवलं की झालं." तिकीट हवंच, पण ते कॅन्सल करता येतं हे त्यांनाही माहीत आहे. नोकरी, रजा, शिक्षण, मागे काय आहे ते दाखवा.

"दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं टेन्शन नाही." व्हिसा म्हणजे दार ठोठावायची परवानगी. किती दिवस राहायचं ते आय-९४ वर (तुमच्या प्रवेशाच्या नोंदीवर) असतं, हल्ली ते ऑनलाइन असतं, पोचल्यावर उघडून तारीख बघा. बी२ वर साधारण सहा महिने देतात, पण त्या तारखेपुढे एक दिवस जरी राहिलात तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द धरतात. त्या तारखेपुढे १८० दिवसांच्या वर राहून मग निघालात तर तीन वर्षं बंदी, तारखेपुढे वर्षभर राहिलात तर दहा.

"बाईमाणूस रडली की सोडतात." यावर मी काही लिहिणार नाही.

बहिणीला एवढंच कळवलंय की अबू धाबीमार्गे जाणार असशील तर ही सगळी तपासणी अमेरिकन ऑफिसर तिथेच करतात, त्यामुळे रजेचं पत्र, तिकीट, नवऱ्याचा पत्ता हे चेक-इनच्या बॅगेत टाकू नकोस, हातातल्या पिशवीत ठेव. फोटो म्हणे अर्धे उडाले होते, रिसायकल बिनमधून परत आणले. रजेचं पत्र मात्र अजून घेतलेलं नाही, साहेब सुट्टीवर आहेत म्हणते. सोमवारी परत विचारणार आहे.