प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे

मीटिंगमध्ये बसून मीटिंगबद्दल कधी तक्रार करू नये. तक्रारीची जागच्या जागी जबाबदारी होते आणि ती करणाऱ्याच्याच गळ्यात पडते. ‘आपल्या मीटिंगा जरा लांबतात,’ एवढंच मी म्हणालो होतो. ‘मुद्दा रास्त आहे, तुम्हीच घ्या मनावर,’ साहेब म्हणाले, आणि त्या दिवशीच्या मिनिट्समध्ये ‘बैठका परिणामकारक करणे’ यापुढे माझं नाव लागलं. आमच्या मिनिट्समध्ये माणसाचं नाव असलेली ती बहुधा पहिलीच नोंद. बाकी सगळीकडे ‘संबंधितांनी कार्यवाही करावी’ असतं. हे संबंधित कोण, ते अजून उजेडात आलेले नाहीत.

वाचायला घेतलं तेव्हा कळलं, की दुखणं जुनाट आहे. अमेरिकी लष्करात हेन्री रॉबर्ट नावाचे एक इंजिनिअर होते. १८६३ साली न्यू बेडफर्डमध्ये त्यांना एका सभेचं अध्यक्ष केलं आणि सभा पार हाताबाहेर गेली. गृहस्थ इतके ओशाळले, की सभा चालवण्याचे नियम धुंडाळत बसले आणि १८७६ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकच काढलं. एका फसलेल्या सभेचा सल तेरा वर्षं पुरतो, हे वाचून मला धीर आला. पुढचं वाचून तो गेला. १९४४ मध्ये अमेरिकी हेरखात्याने शत्रूच्या मुलखातल्या साध्या नागरिकांसाठी घातपाताची एक पुस्तिका तयार केली होती. तीत कचेऱ्यांसाठीही सल्ला आहे: होईल तितकं काम समितीकडे सोपवा, समितीत पाचपेक्षा कमी माणसं ठेवू नका, इतिवृत्तातल्या शब्दांवरून घोळ घाला, मागच्या बैठकीत ठरलेलं पुन्हा उकरून काढा. एकेका कलमापुढे मला आमच्या एकेका सहकाऱ्याचा चेहरा दिसायला लागला. आमची मंडळी हे सगळं कुठल्याही शत्रूच्या मदतीशिवाय, निव्वळ निष्ठेने करतात.

सुरुवात मी अजेंड्यापासून केली. आमच्या अजेंड्यावर ‘प्रशिक्षण’, ‘वेबसाइट’, ‘जागा’ असे एकेक शब्द असायचे. असा शब्द समोर आला की माणूस काय करणार? बोलणार. एक जण प्रशिक्षणाचं महत्त्व सांगतो, दुसरा त्याच्या वेळी प्रशिक्षण नव्हतं तरी कामं कशी व्हायची ते सांगतो, तिसरा दोघांशी सहमत होतो, आणि विषय पुढच्या बैठकीत ‘प्रशिक्षण’ याच नावाने हजर. म्हणून मी प्रत्येक विषयाचा प्रश्न केला: ‘नव्या लोकांचं प्रशिक्षण एकदम घ्यायचं की दोन गटांत?’ निर्णय कोण घेणार आणि वेळ किती, हेही पुढे लिहिलं. अजेंडा फिरवल्याबरोबर अकाउंट्समधल्या काकांचा फोन. ‘अहो, तुम्ही तर सरळ मुद्द्यालाच हात घातलाय. मग आम्ही बोलायचं काय?’

काकांची काळजी अनाठायी होती. पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने १९५७ मध्ये एक काल्पनिक समिती रंगवली होती. ती अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते, सायकलींच्या शेडवर पाऊण तास घालवते आणि बैठकांना लागणाऱ्या कॉफीवर सव्वा तास. अणुभट्टी कुणालाच कळत नाही, शेड बऱ्याच जणांना कळते आणि कॉफीत सगळेच तज्ज्ञ. आमच्याकडे अख्खी संगणकप्रणाली बदलायचा प्रश्न ‘काळाची गरज आहे’ असं म्हणत निकालात निघाला. पुढचा प्रश्न, नोटीस बोर्ड लिफ्टच्या डावीकडे लावायचा की उजवीकडे. त्यासाठी मी पाच मिनिटं ठेवली होती. एकाने लिफ्टमधून उतरणाऱ्याची मान आपोआप कुठे वळते याचं उभं राहून प्रात्यक्षिक दाखवलं. ‘उतरणाऱ्याची नव्हे, लिफ्टची वाट बघणाऱ्याची मान महत्त्वाची; तोच वाचत उभा राहतो,’ असं आस्थापना विभागातल्या मॅडमनी बिनतोड उत्तर दिलं. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी घड्याळ पाहिलं, आणि ते पुढे आहे का मागे, यावर दहा मिनिटं गेली.

मग उभ्याने मीटिंग घेऊन पाहिली. १९९९ च्या एका अमेरिकन प्रयोगात बसून केलेल्या बैठका उभ्या बैठकांपेक्षा ३४ टक्के जास्त वेळ चालल्या आणि निर्णय काही जास्त चांगले निघाले नाहीत. आमची मंडळी आधी भिंतीला टेकली, मग टेबलाच्या कडेला, मग ‘गुडघ्याचा त्रास आहे म्हणून’ एक खुर्ची आत आली. गुडघ्याचा त्रास संसर्गजन्य असतो.

चिठ्ठ्यांचा प्रयोग मात्र मी अजून छातीठोकपणे सांगतो. सगळ्यांनी मिळून कल्पना लढवण्याची पद्धत ॲलेक्स ऑस्बर्न या जाहिरातवाल्याने गाजवली. पुढे १९५८ मध्ये येल विद्यापीठात ती तपासली, तर एकेकट्याने विचार करणाऱ्यांच्या कल्पना एकत्र केल्यावर त्या गटापेक्षा जास्त भरल्या. कारण साधं आहे. एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता सुचलेलं विसरतं. म्हणून आधी पाच मिनिटं गप्प बसून प्रत्येकाने लिहायचं, नाव न घालता, आणि मग मी सगळं वाचून दाखवायचं, असं ठरवलं.

पाच मिनिटांची शांतता आमच्या मीटिंगने कधी अनुभवली नव्हती. पहिल्या मिनिटाला कुणीतरी खाकरलं. दुसऱ्याला पंख्याचा आवाज येतो हे सगळ्यांना प्रथमच कळलं. तिसऱ्याला साहेब ‘हं, तर मंडळी...’ म्हणाले आणि मी त्यांना हाताने थांबवलं. नोकरीत माणूस इतका धाडसी क्वचितच होतो. चिठ्ठ्या वाचल्या तेव्हा सगळ्यात कामाची कल्पना निघाली ती मीटिंगमध्ये कधीच तोंड न उघडणाऱ्या, नव्याने रुजू झालेल्या मुलीची. सगळ्यात टाकाऊ कल्पना कुठली यावरही एकमत झालं, आणि काकांनी तर तिची यथेच्छ टर उडवली. साहेब शेवटपर्यंत हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी परिपत्रक आलं: यापुढे चिठ्ठीवर नाव लिहिणे बंधनकारक.

वार्षिक परिषदेची सूत्रंही ओघाने माझ्याकडेच आली. ‘ओपन स्पेस’ ही पद्धत मला फार आवडली होती. हॅरिसन ओवेन यांनी १९८३ मध्ये खपून एक मोठी परिषद भरवली, आणि लोकांना सगळ्यात आवडल्या त्यातल्या कॉफीच्या सुट्ट्या. म्हणून त्यांनी पुढे परिषदच सुट्टीसारखी केली. विषय लोकांनी मांडायचे, आणि जिथे तुम्ही काही देत नाही, काही घेतही नाही, तिथून आपल्या दोन पायांनी उठून दुसऱ्या गटात जायचं. मी हा दोन पायांचा नियम व्यासपीठावरून मोठ्या उत्साहाने समजावून सांगितला. निम्मं सभागृह घरी गेलं.

उरलेल्यांसाठी प्रश्नोत्तरं होती. इथली खरी लढाई माइकची. सूत्रसंचालकाने माइक आपल्या मुठीत ठेवून फक्त प्रश्नकर्त्याच्या तोंडापुढे धरायचा असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या रांगेतले एक ज्येष्ठ गृहस्थ उठले, माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि म्हणाले, ‘माझा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे.’ निरीक्षण तीन भागांत होतं. दुसऱ्या भागाच्या मध्यावर माझा हात अवघडला, तो त्यांनी प्रेमाने बाजूला केला. पुढच्या सत्रात मी प्रत्येकाला शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलून दोघांत मिळून एकच प्रश्न लिहून द्यायला सांगितला. निरीक्षणं सगळी शेजाऱ्यांच्या कानात जिरली आणि माझ्या हाती नेमके प्रश्न आले. शेजाऱ्यांचं काय झालं, ते मी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात तर कमाल झाली. अजेंडा लिहायला बसलो आणि एकही प्रश्न सुचेना. विभागाविभागांत विचारलं, ‘या वेळी ठरवायचं काय आहे?’ कुणालाच सांगता आलं नाही. मीटिंग रद्द केली. रिकामा झालेला तास सगळ्यांनी कॉरिडॉरमध्ये उभं राहून, मीटिंग रद्द का झाली असेल यावर बोलण्यात घालवला, आणि बोलता बोलता नोटीस बोर्ड डावीकडे, प्रशिक्षण दोन गटांत, असं सगळं पटापट ठरूनही गेलं. गुडघ्याचा त्रास कुणालाच झाला नाही.

‘ठरलं ते उत्तम,’ साहेब म्हणाले. ‘पण मीटिंगच झाली नाही, तर मिनिट्समध्ये आणायचं कसं?’

‘मग पाच मिनिटं बसू या की,’ काका म्हणाले. सगळे आत गेले, आपापल्या खुर्च्यांवर बसले, आणि काकांनी चष्मा लावून मागच्या सभेचं इतिवृत्त मागितलं.