मेंदूत कॅमेरा नसतो, मावशी

'मेंदू म्हणजे कॅमेरा. जन्मापासूनचं सगळं त्यात रेकॉर्ड आहे, फक्त अनलॉक करायचं,' असा मेसेज सगळीकडे फिरतोय. सोबत 'किती टक्के लक्षात राहतं' याचे आकडे, स्मरणशक्तीसाठी बदाम खायचा सल्ला, 'पूर्वी पाढे पाठ असायचे' अशी हळहळ आणि खाली स्मरणशक्तीच्या कोर्सची लिंक. एरवी असल्या फॉरवर्डवर मी गप्प बसतो. पण आमच्या मावशीने तो वाचून दहावीतल्या नातीला सुनावलं, "सगळं डोक्यात आहे तुझ्या, तूच मन लावत नाहीस." मग बोलणं भाग आहे.

१९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची छोटी फिल्म दाखवली. नंतर गाड्यांचा वेग विचारताना काहींना 'आदळल्या तेव्हा' असा साधा शब्द वापरला, काहींना 'चक्काचूर' छापाचा. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिली का? जोरकस शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच! रेकॉर्डिंग असतं, तर एका क्रियापदाने त्यात काचा कुठून आल्या? आठवण दर वेळी नव्याने जुळते: थोडं पाहिलेलं, थोडं आधी माहीत असलेलं, थोडं मागाहून कानावर पडलेलं. म्हणून तर एकाच लग्नातलं भांडण दोन काका दोन तऱ्हांनी सांगतात आणि खोटं कोणीच बोलत नसतं.

खुणेने विसरलेलं आठवतं, हे मान्य. पहिलं अक्षर सांगितलं की नाव सुचतं. पण त्यावरून सगळंच आत शाबूत आहे, हे कसं ठरलं? एकदा वाचलेला धडा बऱ्याचदा नीट साठलेलाच नसतो. त्यात पोरीचा काय गुन्हा?

मेसेजमध्ये मॉन्ट्रियलच्या डॉ. पेनफिल्ड यांचा दाखलाही आहे. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत मेंदूला सौम्य विजेचा स्पर्श केल्यावर काही रुग्णांना जुनी गाणी, आवाज ऐकू आले, हे खरं. पण मोजक्याच रुग्णांना. त्यावरून सगळ्यांच्या डोक्यात अख्खं आयुष्य साठवलेलं आहे, हे सिद्ध होत नाही.

'वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के लक्षात राहतं' हे आकडे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या १९४६च्या 'अनुभवांचा शंकू' या आकृतीला मागाहून कोणीतरी चिकटवलेत. मुळात तिथे टक्केवारीच नाही. बदामांबद्दल काय बोलायचं? खा, चवीला छान असतात.

'पूर्वी पाढे पाठ असायचे' हा मुद्दा मात्र नाइलाजाने मान्य. पाढे न बघता म्हणावे लागत, तिथेच ते पक्के होत. मावशी, नातीलाही पुस्तक मिटून धडा सांगायला लाव, अडली की उघडून पाहू दे, दोन दिवसांनी पुन्हा विचार. आणि कोर्सचे पैसे भरले नसशील, तर भरू नकोस.