काच चकचकीत, तरी शेगडी दहा मिनिटांत बंद : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंडक्शन शेगडीच्या सफाईवरच्या लेखाखाली तुम्ही तीन गोष्टी सुनावल्या आहेत. एक, खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओतणं हा निव्वळ देखावा आहे. दोन, लेखात ब्लेड लावायला मनाई केली आहे, पण तुमच्या शेगडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत स्क्रॅपर वापरायलाच सांगितलंय. तीन, सगळं लेखाबरहुकूम करून काच आरशासारखी ठेवली, तरी शेगडी दहा मिनिटांत कोड दाखवून बंद पडते आणि मेकॅनिक म्हणतो बोर्ड (आतलं सर्किट) गेला; मग एवढं वाचून उपयोग काय?

पहिला मुद्दा मान्य. दुसरा अर्धा मान्य. तिसऱ्यात चूक लेखाचीच आहे. त्यात सगळा भर काचेवर होता, आणि काच मळली म्हणून शेगडी सहसा मरत नाही. ती मरते खालून. म्हणून आधी तिसऱ्याचं बघू.

प्लग काढा आणि शेगडी उलटी करा. बुडाला जाळीसारख्या फटी दिसतील. पंखा तिथून हवा आत ओढतो आणि मागच्या किंवा बाजूच्या फटींतून बाहेर फेकतो. आत तांब्याची कॉइल असते, तिच्यातला प्रवाह सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा चालू-बंद करणारा आयजीबीटी (एक इलेक्ट्रॉनिक स्विच) असतो आणि एसी विजेचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर असतो. हे शेवटचे दोघे उष्णता ओढून घेणाऱ्या, ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या हीटसिंकवर स्क्रूने आवळलेले असतात. २००० वॅटच्या शेगडीत दहा टक्के उष्णता आतच राहिली असं धरलं, तरी ते २०० वॅट झाले. म्हणजे शंभराचे दोन जुने बल्ब एका बसक्या डब्यात कोंडल्यासारखं. ती उष्णता बाहेर काढायला त्या एवढ्याशा पंख्याशिवाय कोणी नाही.

आता आपला ओटा आठवा. फोडणीची तेलकट वाफ, पोळ्या लाटताना उडणारं पीठ, शेजारी पेटलेला गॅस. तेल आधी हीटसिंकच्या पात्यांवर बसतं, त्यावर पीठ आणि धूळ चिकटते, आणि काही महिन्यांत पात्यांमधली जागा लिंपल्यासारखी बुजते. आयजीबीटीजवळ तापमान मोजणारा एक थर्मिस्टर असतो. त्याची मर्यादा ओलांडली की शेगडी स्वतःला वाचवायला बंद होते. तुमची शेगडी पहिली दहा मिनिटं व्यवस्थित चालते, कारण हीटसिंकला तापायला तेवढा वेळ लागतो.

त्यामुळे ‘बोर्ड गेला’ हे निदान मला पटत नाही. दहा मिनिटं चालणारा बोर्ड सहसा गेलेला नसतो. आयजीबीटी खरोखर शॉर्ट झाला तर फ्यूज उडतो आणि शेगडी एक ‘बीप’सुद्धा देत नाही. (अशा वेळी नुसता फ्यूज बदलून देणाऱ्याला पैसे देऊ नका. आयजीबीटी आणि ब्रिज तपासल्याशिवाय घातलेला फ्यूज चालू करताच पुन्हा उडतो.) मात्र आहे तशीच रोज तापवून बंद पाडत राहिलात, तर बोर्ड एक दिवस खरंच जाईल.

खात्री करायला एक सोपी चाचणी आहे. मोठ्या पातेल्यात तीन-चार लिटर पाणी घेऊन शेगडी पूर्ण ताकदीवर लावा आणि किती मिनिटांनी बंद पडते ते लिहून ठेवा. ती पूर्ण निवू द्या. मग पाणी बदलून तोच प्रयोग पुन्हा करा, पण या वेळी शेजारी टेबलफॅन असा ठेवा की त्याचा झोत शेगडीच्या बुडाखाली जाईल. या वेळी ती बराच जास्त वेळ चालली, तर दोष बहुधा हवेच्या वाटेत आहे, बोर्डात नाही. चालू असताना हवा बाहेर पडते त्या फटीसमोर टिश्यूची पट्टी धरून बघा. पट्टी ठामपणे फडफडली पाहिजे. नुसती थरथरली, तर एक तर वाट बुजली आहे किंवा पंखा थकला आहे.

बाहेरूनच सफाई करायची तर व्हॅक्यूम क्लीनरचं अरुंद तोंड खालच्या फटींना लावा आणि कोरड्या रंगाच्या ब्रशने फटी झाडत धूळ ओढून घ्या. फुंकर मारू नका, त्याने धूळ आणखी आत जाते. महिन्यातून एकदा पाच मिनिटं दिली तर हा गाळ साचतच नाही. साचलेला तेलकट थर मात्र बाहेरून निघत नाही, त्यासाठी शेगडी उघडावी लागते. वॉरंटी शिल्लक असेल तर हे काम सर्व्हिस सेंटरवर टाका. नसेल आणि हातात स्क्रूड्रायव्हर धरायची सवय असेल तरच पुढचं वाचा.

प्लग काढल्यावर निदान दहा मिनिटं थांबा. २३० व्होल्टचा पुरवठा रेक्टिफायरनंतर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतो आणि आतल्या कपॅसिटरमध्ये तो काही काळ साठून राहू शकतो, त्यामुळे त्यानंतरही बोर्डाला बोट लावायचं नाही. बुडाचे स्क्रू काढा, पण झाकण झटक्यात उचलू नका. बटणांच्या पट्टीकडे जाणारी वायर दोन्ही भागांना जोडलेली असते, ती तुटते. कॉइलच्या मधोमध काचेला टेकणारा आणखी एक थर्मिस्टर असतो आणि त्यावर पांढरी पेस्ट असते. ती घाण समजून पुसून टाकणारे पुष्कळ आहेत. तिच्यामुळेच काचेची उष्णता थर्मिस्टरला कळते, तेव्हा तिला हात लावू नका. पंख्याचं पातं बोटाने धरून हीटसिंकमधली धूळ ब्रशने सोडवा आणि व्हॅक्यूमने ओढा. चिकट थर आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या ब्रशने निघतो. ते ज्वालाग्राही आहे, म्हणून शेजारी गॅस पेटलेला नको, आणि पूर्ण वाळेपर्यंत शेगडी जोडायची नाही. पंखा घरघरत असेल तर त्यात खोबरेल सोडायचा मोह टाळा. ते घट्ट होऊन धूळ धरतं आणि पंखा आणखी लवकर अडकतो. पंखा बदलायचा तर त्याचा आकार, व्होल्टेज आणि प्लग तिन्ही जुळले पाहिजेत. व्होल्टेज जुन्या पंख्याच्या चिठ्ठीवर असतं.

झुरळांचं काय करायचं, हा प्रश्न याच लेखाखाली आणखी दोघांनी विचारलाय. भिंतीवरचं बटण चालू राहिलं की शेगडी बंद असूनही आतला भाग कोमट असतो, आणि ती ऊब झुरळांना आवडते. बोर्डावरच्या तांब्याच्या दोन पट्ट्यांवर एक झुरळ आडवं पडलं की भडका. काम झाल्यावर भिंतीवरचं बटण बंद करा, मात्र पंखा थांबल्यावर. बऱ्याच शेगड्यांत तो मिनिट-दोन मिनिटं पुढे चालतो आणि ती मिनिटं आयजीबीटीला हवी असतात. झुरळं मारायच्या जेलचे ठिपके ओट्याखाली, कपाटाच्या बिजागरीजवळ लावा. फटींमधून झुरळांचा स्प्रे मारायचा नाही आणि फटींना बारीक जाळी किंवा मोजाही चढवायचा नाही, कारण त्याने हवाच अडते. शेगडीखाली वर्तमानपत्र किंवा प्लॅस्टिकचा कपडा अंथरला तरी तेच होतं. पंखा कागद ओढून फटींना चिकटवून टाकतो. मागे आणि बाजूंना वीतभर जागा मोकळी राहू द्या.

आता तुमचा पहिला मुद्दा. सोडा अल्कली आणि व्हिनेगर आम्ल, एकत्र आले की एकमेकांना मारतात. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, ज्याने काहीच निघत नाही. दोन्ही वेगवेगळे मात्र कामाचे आहेत, कारण डागच दोन प्रकारचे असतात. भांड्याखाली उमटणारं तपकिरी वर्तुळ हे भाजलेलं तेल. त्यावर दोन चमचे सोड्यात चमचाभर पाणी घालून केलेला लेप द्यायचा, वर ओलं फडकं ठेवायचं, आणि पंधरा मिनिटांनी नायलॉनच्या मऊ घासणीने गोल घासायचं. पांढुरके ठिपके म्हणजे जड पाण्याचे क्षार. कपभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व, किंवा निम्मं पाणी आणि निम्मं व्हिनेगर, त्यात फडकं बुडवून घट्ट पिळायचं आणि पाच मिनिटं ठेवायचं. कोणतंही पाणी थेट काचेवर फवारायचं नाही. काच आणि चौकट यांच्यामधल्या सिलिकॉनच्या सांध्यातून ते आत झिरपतं. वर्तुळ मुळात पडूच नये यासाठी भांडं ठेवण्याआधी त्याचं बूड कोरडं पुसा.

ब्लेडबद्दल. ओट्यात बसवलेल्या महागड्या हॉबवर ग्लास-सिरॅमिक असतं, आणि त्यावर तीस अंशांच्या तिरक्या कोनात धरलेला स्क्रॅपर चालतो. पुस्तिकेत तसं लिहिलं असेल तर जरूर वापरा. सरसकट मनाई करायला नको होती. पण ओट्यावर ठेवायच्या बऱ्याच स्वस्त शेगड्यांवर साधी टफन्ड काच असते आणि काहींवर वर्तुळांची छपाई वरच्या बाजूला असते. तिथे ब्लेडने छपाई तर जातेच, शिवाय खोल चरा पडलेली टफन्ड काच पुढे कधीतरी एकदम फुटून तिचे बारीक खडे होतात. तारेची घासणी, राख, पितळ घासायची पावडर दोन्ही काचांना वर्ज्य. तडा गेलेली शेगडी एकदाही वापरायची नाही, कारण तड्यातून उतू गेलेलं दूध थेट विजेपर्यंत पोचतं.

एक गोष्ट मूळ लेखात राहूनच गेली होती, ती म्हणजे पाक. चिक्कीचा किंवा गुळाचा पाक काचेवर सांडून थंड झाला की आकसताना काचेचा टवका ओढून काढू शकतो. शेगडी बंद करा, भांडं उचला आणि पाक गरम असतानाच हातमोजा घालून लाकडी उलथन्याने बाजूला सारा. वाळलाच तर खरवडू नका. भांड्याशिवाय इंडक्शनची काच तापत नाही, म्हणून त्या जागी गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं ठेवा आणि निवलं की बदलत राहा. साखरच ती, अर्ध्या तासात विरघळते.

टेबलफॅनची चाचणी करून दोन्ही वेळची मिनिटं इथे लिहा, आणि पडद्यावर कोड कोणता येतो तेही. ‘ई थ्री’चा अर्थ एका कंपनीत एक आणि दुसरीत वेगळाच असतो, म्हणून मॉडेलही कळवा.