मठार म्हणजे नक्षी नव्हे

तांब्याच्या हंड्यावरचे चमकते गोल ठोके बघून लोक "काय सुंदर डिझाइन!" म्हणतात, ते मला खटकतं. हे ठोके म्हणजेच मठार, आणि मठार ही भांड्याची ताकद आहे.

तांबं ठोकलं की कडक होतं. पत्रा खोलगट करताना तो मध्येच ताठरतो, आणि तरीही ठोकत राहिलं तर कडेला चीर जाते. म्हणून तो भट्टीत मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करतात, मग पाण्यात बुडवतात. लोहार पोलाद बुडवतो ते कडक व्हावं म्हणून. तांबं बुडवलं तरी मऊच राहतं, वरची काळी खपली तेवढी सुटते. भांडं आकाराला येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. हंड्याचे भाग टाकणखार (बोरॅक्स) लावून झाळले, म्हणजे तापवून जोडले, की जोडाजवळ तांबं परत नरम पडतं. असा हंडा पाण्याने भरून उचलला तर पोचे येणारच. म्हणून शेवटी मठारतात. हातोडीचं तोंड आरशासारखं घासलेलं हवं, कारण त्यावरचा एक ओरखडा प्रत्येक ठोक्यात उमटतो. हातोडी तिरकी पडली तर चंद्रकोरीसारखी खाच पडते. ठोके शेजारी शेजारी, किंचित एकमेकांवर चढलेले. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम बघायला मिळतं. घेताना ठोके नीट बघा: हाताचे दोन ठोके तंतोतंत सारखे नसतात, साच्याचे असतात. आणि मठारलेलं भांडं रिकामं गॅसवर ठेवून लाल होऊ दिलं, तर ती कमावलेली ताकद गेली.

तांबटाच्या ठोक्यांसारखा आवाज काढणाऱ्या तांबट पक्ष्याबद्दलही असाच गैरसमज आहे. उन्हाळ्यात "टुक टुक टुक" ऐकू आलं की वाटतं, लाकडावर चोच मारतोय. पण तेव्हा चोच मिटलेली असते. आवाज गळ्यातून येतो, प्रत्येक टुकला गळा फुगतो. मिनिटाला शंभरावर, एका लयीत. चिमणीपेक्षा जरा मोठा, हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा. वड, पिंपळ, उंबराच्या फळांवर असतो.

चोचीने तो कोरतो ते घरटं, वाळक्या फांदीत, बहुतेकदा तिच्या खालच्या अंगाला. वीण मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल, आणि सोसायट्यांची छाटणी नेमकी पावसाळ्याआधी. रस्त्यावर किंवा छपरावर पडेल अशी फांदी काढावीच लागते. पण बाकीच्या वाळक्या फांद्या केवळ वाईट दिसतात म्हणून तोडू नका. करवत लावण्याआधी फांदीखाली उभं राहून वर बघा. गोल भोक दिसलं तर ती राहू द्या. वीण संपल्यावरही तांबट रात्री अशा ढोलीत झोपतो.