स्पोकन इंग्लिश, फी १०० रुपये

१७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी मी नागपूरच्या महाल भागात, आमच्या गच्चीवर होते. चिटणीस पार्ककडून आधी आरडाओरडा आला, मग धूर. आई खालून ओरडत होती, "उतर न बाई, काय पाहून राहिली?" नंतर संचारबंदी लागली. दंगलीत एकाचा जीव गेला, कित्येकांच्या गाड्या जळाल्या. वादाचं मूळ कुठलं, तर तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या औरंगजेब बादशहाची कबर, तीही नागपुरापासून शेकडो किलोमीटर लांब.

संचारबंदी उठली आणि शांतता बैठकांचे फोटो फिरायला लागले. पांढरे शर्ट, पुष्पगुच्छ, मागे बॅनर. मी पाहिलेल्या फोटोंमध्ये बाई एक नाही, कॉलेजातलं पोरगं एक नाही. भाषणात ताजबागच्या दर्ग्याचा दाखला ठरलेला. १९०८ साली रघुजीराव भोसल्यांनी ताजुद्दीन बाबांना पागलखान्यातून सोडवून शकरदऱ्याला आपल्या वाड्यात ठेवलं. गोष्ट खरी आहे आणि मला ती आवडते. पण शंभर वर्षांपूर्वीच्या राजाच्या पुण्याईवर आपण अजून किती दिवस काढणार?

माझं म्हणणं एवढंच आहे, की शांततेच्या नावानं बोलावलेल्या बैठकीला येतात ते आधीपासूनच शांत असतात. बाकीच्यांना बोलवायचं तर त्यांच्या गरजेचं काहीतरी मांडावं लागतं. हे मी शिकले बोस्नियात, आणि शिकले तेही फजिती होऊन.

कोविडच्या आधी दहा महिने मी मोस्तारमध्ये इंग्रजी शिकवत होते. नेरेत्वा नदीवरचा तिथला १५६६ चा दगडी पूल ९ नोव्हेंबर १९९३ ला युद्धात तोफा डागून पाडला गेला आणि २००४ मध्ये तसाच्या तसा परत बांधला. पर्यटक त्यावर सेल्फी काढतात. पण क्रोएट (कॅथलिक) आणि बोस्नियाक (मुस्लिम) मुलं एकाच इमारतीत वेगवेगळ्या अभ्यासक्रमांच्या वर्गात बसतात, अशा शाळा त्या देशात अजून आहेत. "एका छताखाली दोन शाळा" असंच म्हणतात त्याला.

माझ्या वर्गात दोन्हीकडची मुलं होती. दुसऱ्याच आठवड्यात बाजारहाटाचा धडा घेतला. मोठ्या उत्साहात विचारलं, "ब्रेडला तुमच्या भाषेत काय म्हणता?" वर्ग एकदम गप्प. एक मुलगी वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं गोल गोल गिरवत बसली. कुणी मानच वर करेना. मला वाटलं, माझा उच्चार कळला नसेल, म्हणून परत विचारलं, आणखी मोठ्यानं!

वर्ग सुटल्यावर तिथल्या सहकारी बाईंनी कॉफी पाजून समजावलं. क्रोएट म्हणणार 'क्रुह', बोस्नियाक म्हणणार 'ह्ल्येब'. एक शब्द तोंडातून निघाला की तू कुठली ते कळतं. समोरच्या कॉफीचीही तीच गत: कावा, काफा, काहवा. भाषा सगळ्यांना कळते, पण शब्दाला बाजू असते. 'ब्रेड'ला बाजू नव्हती. मुलं माझ्या वर्गात मोकळी होत होती त्याचं कारण हे होतं, माझं शिकवणं नव्हे. (याच गावातल्या तरुणांनी २००५ मध्ये ब्रूस लीचा पुतळा उभारला. सगळ्यांना चालेल असा माणूस दुसरा सापडेना.)

आता नागपूर. आल्यावर मीही बॅनरवालीच निघाले. 'सर्वधर्मीय मैत्री वर्ग, मोफत' असे कागद चिकटवले. सात मुलं आली, त्यातली सहा ओळखीच्यांची. एका आजोबांनी सरळ विचारलं, "कोन्त्या मिशनच्या जी तुमी?" इंग्रजी, फुकट आणि वर धर्माचं नाव, संशय येणारच. महिनाभरानं नवीन कागद लावला: 'स्पोकन इंग्लिश, रविवार सकाळी ८, फी १०० रुपये.' तीसच्या वर मुलं आली. महालातली, हंसापुरीची, मोमीनपुऱ्याची, म्हणजे हिंदू-मुस्लिम दोन्हीकडची.

मोस्तारचं औषध इथं जसंच्या तसं चालत नाही, हेही पहिल्याच रविवारी कळलं. आमच्या पोरांना तटस्थ भाषा लागतच नाही. सगळे एकाच सुरात "काय बे, अपने को नहीं आता" म्हणतात. डोळे मिटून ऐकलं तर कोण कुठल्या गल्लीतला, ओळखून दाखवा! आपल्याकडे भाषा फुटलेली नाही. शाळा, गल्ल्या आणि व्हॉट्सअॅप ग्रुप फुटलेले आहेत. इंग्रजी हे फक्त निमित्त.

आणि खरा वर्ग भरतो बाहेर, पायऱ्यांवर. मुलांना सोडायला आलेल्या आया आधी दोन टोकांना बसायच्या. बोलणं सुरू झालं कूलरच्या खशीवरून, कुठं स्वस्त मिळते म्हणून. मग एकीच्या मुलाचं आधार अपडेट अडकलं होतं, दुसरीला केंद्रावरची रांग माहीत होती. दोघी मिळून गेल्या. हे कुठल्याही अहवालात बसणार नाही.

भिवंडीचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेलं गाव. १९८८ मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथं मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. गल्लीतली साधी माणसं, आणि काही भानगड नसतानाही बैठका. १९९२-९३ ला मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. नागपुरात असं नियमित, कंटाळवाणं काम कोण करतंय? फोटो निघत नाही हो त्याचा.

एक गोष्ट मात्र मला अजून बोचते. मोस्तारहून मी परतले आणि दोन महिन्यांत तो वर्ग बंद पडला. सगळं माझ्याभोवती बांधलेलं होतं. बाहेरून येऊन दहा महिने शिकवायचं, निरोप समारंभात रडायचं आणि जायचं, यात आपलंच भलं जास्त होतं.

म्हणून इथं हॉलच्या दोन्ही चाव्या मी त्या आधारवाल्या दोघींकडे दिल्यात. मागच्या रविवारी दोघींनाही वाटलं दुसरी आणेल. कुलूप लटकलेलं, पोरं उन्हात. चावी येईपर्यंत पायऱ्यांवरच 'व्हेअर इज द की?' हा धडा झाला.